झोप तर होतेच की!

चार आईबाप एकत्र बसले आणि मुलांच्या तब्येतीच्या गाइडलाइन्सचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी स्क्रीनवर येते आणि मग तिथून हलतच नाही. कागदावर खरं तर तीन गोष्टी असतात, मूल दिवसभरात किती हललं-पळलं, स्क्रीनसमोर किती वेळ बसलं आणि झोपलं किती. पहिलीला सगळे म्हणतात, "आमचा एका जागी बसतो कुठे?", तिसरीला म्हणतात, "झोप तर होतेच की", आणि मधल्या एका आकड्यावर मात्र तासभर वाद, कोणी चिडतं, कोणी आपण घरी किती कडक आहोत ते सांगतं, कोणी एकदम गप्प होऊन जातं. गप्प होणाऱ्यांत मी असायचे.

धाकटा तीन वर्षांचा झाला तेव्हा नेहमीच्या तपासणीला गेलो होतो, तर निघताना डॉक्टरांनी एक पान हातात दिलं. दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल, त्यातली निदान ६० मिनिटं दम लागेल अशी. बसून स्क्रीन बघणं १ तासाच्या आत, त्याहून कमी असेल तर उत्तम. आणि २४ तासांत १० ते १३ तास झोप, दुपारची धरून. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे काढलं त्यातले हे ३-४ वर्षांच्या मुलांचे आकडे. पान मी तिथेच वाचलं, पण वाचलं म्हणजे काय, मला मधली ओळ तेवढी दिसली, आणि डॉक्टर काही विचारायच्या आत मी मनात उत्तर जुळवायला लागले होते, दीड तास बघतो त्याचा पाऊण तास करून सांगावा का याचं. त्यांनी विचारलं भलतंच. "रात्री झोपतो किती वाजता?" मी म्हटलं, "झोपतो की, साडेनऊ-दहाला." हे मी अगदी बेधडक सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हे मला माहीतच नव्हतं.

त्या पानाचा मला राग आला होता. आज मी त्याच पानाच्या बाजूने लिहितेय तरी तो राग मला खोटा वाटत नाही. संध्याकाळी एकाच माणसाच्या अंगावर स्वयंपाक, मोठीचा अभ्यास, धाकट्याची आंघोळ, उरलेलं ऑफिस असं सगळं एकदम येतं तेव्हा कार्टूनची वीस मिनिटं म्हणजे चैन नसते, तो एक जास्तीचा हात असतो. माझी एक मैत्रीण एकटीने मूल वाढवते, ती म्हणाली, "अगं, स्क्रीन वाईट हे मला नका सांगू, तेवढ्या वेळात त्याला धरणार कोण ते सांगा." याचं उत्तर त्या पानावर नाही. आणि ज्या सूचनेत आपला दिवस कुठेच दिसत नाही ती माणूस वाचतो आणि बाजूला ठेवून देतो, याला मी तरी बेफिकिरी म्हणणार नाही.

यात शब्दाचाही दोष आहे थोडा. गाइडलाइनला आपण मार्गदर्शक सूचना म्हणतो, त्यातला मार्गदर्शक वाटेतच कुठेतरी गळतो आणि सूचना तेवढी उरते, आणि सूचना म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती भिंतीवरची पाटी, अमुक करू नये, तमुक करण्यास मनाई. मग १ तास ही हद्द होऊन बसते. ६१ व्या मिनिटाला मुलाच्या डोक्यात काहीतरी कायमचं बिघडणार असं समजून एक आई रात्री रडते, आणि दुसरी म्हणते की काल बघितला ना माझ्याने तीन तास, काय झालं, काहीच नाही, म्हणजे हे सगळं उगाचच. दोघींनी आकडा एकाच तऱ्हेने वाचलेला असतो.

दुसरं नेहमी ऐकू येणारं म्हणजे "हे लोक सारखे बदलतात". बदलतात हे खरंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत टीव्ही नको, २०१६ मध्ये त्याच अकादमीने १८ महिन्यांच्या आत नको असं म्हटलं पण व्हिडिओ कॉलला सूट दिली, कारण तोवर लांब राहणारे आजी-आजोबा नातवंडांना त्या स्क्रीनमधूनच भेटायला लागले होते. २०१९ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तासांचा आकडा द्यायलाच नकार दिला, पुरावा तेवढा पक्का नाही म्हणाले, घरातल्यांनी स्वतःला काही प्रश्न विचारावेत आणि झोपायच्या आधी तासभर स्क्रीन बंद ठेवावा एवढंच सांगितलं. आणि तीनच महिन्यांनी जागतिक आरोग्य संघटनेने १ तास असा आकडा दिला! आता यात सामान्य आईबापांनी कुणाचं ऐकायचं हा प्रश्न अगदी रास्त आहे.

पण बदल झाला म्हणजे आधी सगळं हवेतलं होतं असं नाही ना. तान्ह्या बाळाला पालथं झोपवा असं कितीतरी देशांत एकेकाळी डॉक्टरच सांगायचे, पुढे लक्षात आलं की पालथं झोपवण्याचा आणि बाळ झोपेतच अचानक दगावण्याचा संबंध आहे, मग १९९० च्या दशकात सल्ला उलटा झाला, बाळाला पाठीवर झोपवा, अमेरिकेत १९९४ पासून त्याची मोठी मोहीम चालली आणि नंतरच्या वर्षांत असे मृत्यू तिथे जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा कोणी "हे सारखे बदलतात" म्हणून जुनंच चालू ठेवलं असेल तर काय झालं असेल याचा विचारही करवत नाही. मग बाळं सतत पाठीवर राहायला लागली तसं जागेपणी त्यांना पोटावर ठेवायला सांगायला लागले, आताच्या सूचनेत वर्षाच्या आतल्या, अजून रांगत नसलेल्या बाळासाठी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर असं आहे ते त्याच वाटेने आलंय.

आणि ज्यांना पुराव्याची शंका आहे त्यांना मी सांगते की ती शंका जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःच लिहून ठेवलीय. २०१९ च्या त्या दस्तऐवजात शिफारस ठाम आणि पुराव्याचा दर्जा अत्यंत कमी असं दोन्ही शेजारी शेजारी आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला, मग हळूहळू पटलं. हजार बाळांना चार वर्षं मुद्दाम स्क्रीनपुढे बसवून आणि हजारांना लांब ठेवून कोण बघणार? जे आहेत ते बरेचसे अभ्यास नुसते निरीक्षणाचे, त्यात घरची परिस्थिती, आईबापांचा वेळ, झोप सगळं एकमेकांत गुंतलेलं. पण दुसऱ्या बाजूला, मूल जरा जास्त खेळलं आणि जरा जास्त झोपलं तर नुकसान काय होणार? तराजू एका बाजूला झुकलेला आहे म्हणून ते ठाम बोलले. मला हे प्रामाणिक वाटतं. फक्त ते पान आपल्या हातात येईपर्यंत ही ओळ कुठेतरी राहून जाते आणि ती सांगितली असती तर माझ्यासारख्यांचा विश्वास कमी नाही, उलट वाढलाच असता.

माझं मत खऱ्या अर्थाने हललं ते एका वेगळ्याच गोष्टीने. २००३ साली अमेरिकेतल्या संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर एक प्रयोग केला होता. चिनी बोलणारी माणसं बाळांपुढे बसून बारा वेळा खेळली, पुस्तकं वाचून दाखवली, आणि त्या भाषेतले ध्वनी बाळं ओळखायला शिकली. तेच बोलणं, तसंच वाचणं व्हिडिओवरून दाखवलं त्या बाळांनी काहीच उचललं नाही. काहीच! आवाज तोच, शब्द तेच, फक्त समोर माणूस नव्हता. मग २००९ च्या एका अभ्यासात लहान मुलांच्या अंगावर आवाज टिपणारं छोटं यंत्र लावून पाहिलं तर ऐकू येईल असा टीव्ही चालू असला की दर तासाला मोठ्यांच्या तोंडचे सरासरी ७७० शब्द मुलाच्या कानावर कमी पडत होते. टीव्ही मूल बघतंय असंही नाही, नुसता चालू. म्हणजे शब्द कमी झाले ते आपले.

तेव्हा मला कळलं की त्या १ तासात विष मोजलेलं नाहीये. दिवस २४ तासांचाच आहे आणि एक गोष्ट आत आली की दुसरी कुठली तरी बाहेर जाते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तर कॅनडाने २०१६ मध्ये तिन्ही गोष्टी एकत्र बांधून पूर्ण २४ तासांची सूचना काढली, तोवर व्यायामाचं वेगळं, स्क्रीनचं वेगळं आणि झोपेचं वेगळं असं चालायचं. मग प्रश्न असा होता की आमच्या घरी बाहेर काय गेलं?

एक आठवडा मी वहीत लिहून ठेवलं. कोणाला दाखवायचं नाही असं ठरवून, कारण दाखवायचं म्हटलं की आकडे आपोआप चांगले येतात. स्क्रीन सरासरी एक तास वीस मिनिटं निघाला, म्हणजे मला वाटत होता त्याहून थोडा कमीच. हालचाल पुष्कळ. आणि झोप, रात्रीची आणि दुपारची मिळून, पावणेनऊ तास. मी दोनदा बेरीज केली. साडेनऊला आम्ही त्याला अंथरुणात टाकत होतो हे खरं, पण डोळा लागायला पावणेअकरा वाजत होते आणि सकाळी पावणेसातला उठवावंच लागायचं, पाळणाघरात दुपारी पाऊणएक तास. दहा तासांच्या खाली, रोज. ज्या आकड्याबद्दल मला कोणी कधी टोकलं नाही, ज्यावर कधी वाद झाला नाही, तोच सगळ्यात जास्त घसरलेला होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. याचा बाबा घरी येतो साडेआठला. दिवसभर मुलाला पाहिलेलं नसतं, मुलाने त्याला पाहिलेलं नसतं, दार उघडलं की दोघं एकमेकांवर तुटून पडतात, उचलणं, फेकणं, पकडापकडी, घरातले सगळे दिवे लख्ख चालू. तो तास त्या दोघांचा दिवसातला एकुलता एक तास होता. मी वही त्याच्यापुढे ठेवली तेव्हा त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मग मी त्याला भेटू कधी?" मला काही बोलताच आलं नाही. कुठल्याही गाइडलाइनबद्दल लोक उखडतात ना, तेव्हा त्याच्या तळाशी बहुतेक वेळा असलाच काहीतरी प्रश्न असतो असं मला त्या दिवसापासून वाटतं. मुलाची झोप आम्ही मोडत होतो ती हयगयीने नाही, मायेने मोडत होतो.

दिव्यांचं मुद्दाम लिहिते कारण ते मला आधी माहीत नव्हतं. झोपेची वेळ जवळ आली की अंधारात शरीरात मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, वाढायला लागतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर लख्ख उजेडात खेळवलं तर ते जवळपास ८८ टक्क्यांनी दबलं आणि उजेड बंद केल्यावरही पुढची ५० मिनिटं तसं दबलेलंच राहिलं. मुलं फक्त १० होती, त्यामुळे यावर फार मोठा डोलारा उभा करू नये, पण आमच्या घरात साडेनऊला टाकलेलं मूल पावणेअकरापर्यंत टक्क जागं का असायचं याचा काहीतरी धागा मला त्यात मिळाला.

मग केलं ते साधं होतं पण सोपं नव्हतं. बाबाचा तास सकाळी गेला. तो स्वतः लवकर उठायला लागला, धाकट्याला घेऊन खाली चालत जायचं, पायऱ्या चढायच्या, जे काय ते. रात्री साडेआठनंतर एकच मंद दिवा आणि गोष्ट. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले, मुलगा दारात उभा राहून रडायचा आणि आतल्या खोलीत बाबाचाही चेहरा बघवत नव्हता. आता सव्वानऊच्या आसपास डोळा लागतो, सगळे दिवस नाही, आठवड्यातले चार-पाच. आणि जे मी ठरवून केलं नव्हतं ते असं झालं की संध्याकाळची ती किरकिर, जिच्यासाठी मी कार्टून लावायचे, ती बरीच ओसरली. झोप पुरलेलं मूल वेगळंच असतं. स्क्रीन मोजणं मी कधी सोडलं तेही आता आठवत नाही.

झोपेबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर मी सगळं एकाच बाजूने सांगितल्यासारखं होईल. ऑस्ट्रेलियातल्या काही अभ्यासकांनी २०१२ मध्ये मुलांच्या झोपेच्या जुन्या शिफारशी शोधून काढल्या, १८९७ पासून २००९ पर्यंतच्या ३२. दर काळात तज्ज्ञ सांगत होते की मुलांची झोप अपुरी आहे, दर काळात दोष नव्या जमान्याच्या धावपळीला, आणि मुलं प्रत्यक्षात शिफारशीपेक्षा सरासरी ३७ मिनिटं कमीच झोपत होती. शिफारस शंभर वर्षांत तासाभराहून जास्त खाली आली तरी मुलं तिच्या मागेच. हे वाचून एखादा म्हणेल, बघा, म्हणजे आकडा काही खरा नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की आकड्याला चिकटून बसण्यापेक्षा आपलं मूल सकाळी कसं उठतंय ते बघावं. उठवल्यावर रोज रडत असेल तर आकडा कुठलाही असो, झोप कमी पडतेय. मला हे वहीशिवायही दिसायला हवं होतं.

आता हालचाल. "आमचा एका जागी बसतच नाही" हे तीन वर्षांच्या मुलाबद्दल बहुधा खरं असतं, जर त्याला कोणी बांधून ठेवलं नाही तर. त्या कागदात एक ओळ आहे जिच्याबद्दल मी कुणालाच बोलताना ऐकलं नाही, बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीला बांधून बाळाला एका वेळी १ तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये. आपण हे बसणं मोजतच नाही कारण त्यात मूल शांत असतं.

माझी काळजी मोठीची आहे, ती बारा वर्षांची. तिच्या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. ११ ते १७ वर्षांच्या मुलांचा २०१६ चा जगभराचा अंदाज असा की ८१ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नाहीत, मुलग्यांमध्ये ७८ आणि मुलींमध्ये ८५. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही पोर खाली सायकलवर असायची, घरात ओढून आणावी लागायची. मग शाळा वाढली, क्लास आले, बरोबरच्या मुली खाली येईनाशा झाल्या, आणि एकटीने खाली जाऊन करायचं काय? पाहुणे आले की विचारतात, "मोबाइल किती वेळ बघते?" खेळायला कधी जातेस असं तिला गेल्या दोन वर्षांत कोणी विचारलेलं मला आठवत नाही. डोळ्यांसाठीसुद्धा बाहेरचा वेळ लागतो हो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलेल्या मुलांत तीन वर्षांत ३० टक्क्यांना लांबचं कमी दिसायला लागलं आणि ज्यांना ती ४० मिनिटं मिळाली नाहीत त्यांच्यात जवळपास ४० टक्क्यांना, हा प्रयोग २०१५ मध्ये छापून आला. नुसता मोबाइल काढून घेतला आणि मूल घरातच बसलं तर तो बाहेरचा उजेड कुठून आणायचा?

ती ४० मिनिटं शाळेने दिली होती, कुठल्या आईने नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २०२२ मध्ये २३ देशांतल्या पावणेचार लाखांहून जास्त मुलांची माहिती एकत्र करून पाहिली तर तिन्ही सूचना पाळणारी मुलं निघाली ७ टक्के. शंभरातल्या त्र्याण्णव मुलांचे आईबाप आळशी नाहीत आणि निष्काळजीही नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांसाठीचा तो मूळ दस्तऐवज मी नंतर शोधून वाचला तर तो कुणासाठी आहे हे त्यात लिहिलंय, सुरुवातच आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याण खात्यांत धोरणं आखणाऱ्यांपासून होते. आणि वाटेत तो कागद पातळ होत होत एक पान उरतं आणि ते पान येतं आईच्या हातात. ज्यांच्या हातात मैदानं, शाळेची वेळ, ऑफिस सुटायची वेळ आहे त्यांना कोणी विचारत नाही की तुमच्याकडे तास किती झाले. लोक गाइडलाइनवर चिडतात तेव्हा मला आता वाटतं की राग बरोबर आहे, पत्ता चुकतोय.

आमच्या इमारतीखाली मोकळ्या जागेत एक पाटी आहे. वर मोठ्या अक्षरात "सूचना" आणि खाली "येथे मुलांनी खेळू नये". पाच वर्षं मी तिच्यावरून येत-जात होते. गेल्या महिन्यात इमारतीच्या मीटिंगला मी ते पान घेऊन गेले आणि वाचून दाखवलं, आवाज थरथरत होता माझा, सवय नाही. एका काकांनी गाड्यांच्या काचांचं काढलं, एका ताईंना दुपारच्या आवाजाचा त्रास होतो, त्यांच्या घरी आजारी माणूस आहे आणि ते खरंच आहे. तासभर बोलणं झालं. शेवटी ठरलं की संध्याकाळी सहा ते सात मागच्या बाजूला मुलांनी खेळावं, गाड्या पुढे लावायच्या, चेंडू मात्र नको.

पाटी अजून तिथेच आहे. पण सहा वाजले की मोठी धाकट्याला घेऊन खाली जाते, तिसऱ्या मजल्यावरची तिच्याच वर्गातली मुलगी परवापासून येतेय, आता सात-आठ जणांची पळापळी चालते आणि वर स्वयंपाकघरापर्यंत आरडाओरडा ऐकू येतो. चेंडूचं पुढच्या मीटिंगला परत काढणार आहे.